शेऱ्याच्या रकान्यातली पुडी

१४ मार्च रोजी दुपारी पावणेबारा वाजता एका हवालदाराने न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत एकूण रुपये दोनशे पंच्याऐंशी किमतीच्या वस्तू आणून दिल्या. पितळी कुलूप एक, कडी कापलेली. त्याची किल्ली एक. लोखंड कापायची करवत एक, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. सगळं सुतळीने एकत्र बांधलेलं आणि सुतळीला चिठ्ठी.

हवालदाराला घाई होती. मुद्देमाल कारकुनाला घाई कधीच नसे.

"भाऊसाहेब, सही करा. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"चिठ्ठीवर 'किल्लीसह' लिहिलंय. ही किल्ली याच कुलपाची कशावरून?"

"गोदामाच्या मालकानेच दिली ना."

"मग सहीही मालकाचीच घ्या. माझी हवी असेल तर मला बघू दे."

हवालदाराने कपाळाला हात लावला आणि खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. त्याला अनुभव होता.

खटल्यांत पोलीस ज्या वस्तू जप्त करतात त्यांना मुद्देमाल म्हणतात, आणि निकाल लागेपर्यंत त्या या खोलीत राहतात. न्यायालयाच्या इमारतीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या नळाशेजारी ही खोली. उंचावर एक जाळीची खिडकी, भिंतींना ओल, आणि अकरा लोखंडी रॅक. रॅकवर सायकलची चाकं, शिवणयंत्र, बंद पडलेले मोबाईल, एकाच पायातले बूट, एक मोडकी छत्री जिच्यावरून दोन सख्खे भाऊ नऊ वर्षं भांडत होते. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकाचा रजिस्टरात क्रमांक. एकूण वस्तू एक हजार एकशे चौदा. हा आकडा भाऊसाहेब झोपेतून उठवलं तरी सांगत.

तोंडावर त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव 'पावती'. घेतल्याची पावती, दिल्याची पावती, आणि पावती दिल्याची नोंद. त्यांच्या हाताखालचा शिपाई म्हणायचा, "यांना कुणी शिवी दिली तरी हे विचारतील, मूळ प्रत की नक्कल?" हे भाऊसाहेबांच्या कानावर आलं होतं. त्यांना ते फारसं खोटं वाटलं नव्हतं.

ही सवय वडिलांकडून आलेली. वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्या काळी औषधं पुडीतून जात. पांढऱ्या कागदाचा चौकोनी तुकडा, त्यावर भुकटी, चार घड्या, एक टोक आत. वडील दिवसाला दोनशे पुड्या बांधत आणि प्रत्येकीवर नाव लिहीत. "पुडीवर नाव नसलं की औषधाचं विष व्हायला वेळ लागत नाही," असं ते म्हणत. भाऊसाहेब सहाव्या वर्षी पुडी बांधायला शिकले, बुटाची नाडी त्यानंतर. पुढे मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा यांनी तिच्या सामानाची यादी करून दोन प्रतींत सही मागितली. ट्रंक एक, कुलूप एक, किल्ल्या दोन, उशी एक. मुलीने सही केली आणि खाली लिहिलं, "आई-बाबा इथेच ठेवून जात आहे, नग दोन." ती प्रत त्यांनी अजून जपून ठेवली आहे.

तर त्या दिवशीही त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर कुलूप धरलं आणि किल्ली घातली. कुलपाची कडी म्हणजे वरची वाकडी सळई एका बाजूला, अगदी पेटीला लागून कापलेली होती. कापलेला आखूड तुकडा कुलपाच्या भोकात तसाच अडकून बसला होता. किल्ली फिरली. आतून टक् आवाज झाला, तो तुकडा सुटून कागदावर पडला, आणि त्याच्या मागोमाग भोकातून चिमूटभर करडा कीस सांडला. करवतीने लोखंड कापलं की पडतो तसा.

दुसऱ्या कुणी फुंकर मारली असती. भाऊसाहेबांच्या मते जे वस्तूबरोबर आलं ते मुद्देमालात आलं. त्यांनी कीस कागदाच्या मधोमध गोळा केला, चार घड्या घातल्या, टोक आत खोचलं. पुडीवर क्रमांक आणि तारीख लिहिली. तुकडा होता तसा भोकात दाबून बसवला. पुडी सुतळीला बांधली. मग रजिस्टरात नोंद केली आणि शेवटच्या रकान्यात, जिथे 'शेरा' असं छापलेलं असतं, तिथे दोन ओळी लिहिल्या. शेऱ्याचा हा रकाना असा आहे की तो लिहिणाराच वाचतो, आणि तोही लिहितानाच.

"लागली का किल्ली?" हवालदाराने बाकावरून विचारलं.

"लागली."

"देवा रे. मग एवढं काय चाललं होतं आत?"

"लागली असं लिहीत होतो."

खटला साधा दिसत होता. एका गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं चोरीला गेली होती. दाराचं कुलूप कापलेलं मिळालं आणि शेजारी करवत पडलेली. करवत एका प्लंबरची होती. आठवडाभर तो शेजारच्या इमारतीत नळ बसवत होता. करवत माझीच, हे त्याने पहिल्या दिवशीच कबूल केलं. कामावर राहून गेली होती, असं तो म्हणाला. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जामीन राहायला कुणी मिळालं नाही, म्हणून तो तुरुंगात राहिला. तांबं काही सापडलं नाही.

प्लंबरची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दर तारखेला अर्ध्या दिवसाचा पगार सोडून ती यायची आणि मुद्देमाल खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. तिथे सावली होती आणि पाण्याचा नळ होता. नळ गळायचा. एकदा ती म्हणाली, "काका, हा नळ ह्यांनी दहा मिनिटांत नीट केला असता."

"अर्ज दिलाय मी. दोन वर्षं झाली."

"काका, ते कुलूप आत नीट आहे ना? हे म्हणतात, कुलूप बोलेल."

"ताई, कुलूप बोलत नसतं. गप्प राहणं हेच त्याचं काम. पण नीट आहे. एकदम जपून ठेवलंय."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि त्या वेळी ते त्यांना खरंच वाटत होतं.

जपणं म्हणजे काय, हे त्यांना आधीच्या कारकुनांनी शिकवलं होतं. खोलीला ओल. लोखंडाला गंज चढतो, चिठ्ठ्यांना डाग पडतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खटल्यात गंजलेला चाकू न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवताच पातं मुठीतून गळून पडलं होतं आणि त्या कारकुनांना सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली होती. तेव्हापासूनचा शिरस्ता असा की दरवर्षी जूनमध्ये, वरिष्ठांच्या तपासणीआधी, खोलीतली लोखंडी वस्तू न् वस्तू फडक्याने पुसायची आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्यायचा. तेल भाऊसाहेब स्वतःच्या खर्चाने आणत. त्या जूनमध्येही त्यांनी चार दिवस बसून दोनशे सहा वस्तू पुसल्या. कुलूपही पुसलं. किल्ली फिरवून, तुकडा काढून, काडीला कापूस गुंडाळून भोकसुद्धा. तपासणीला आलेल्या साहेबांनी हिरव्या शाईने नोंदीमागून नोंदीवर आणि त्या त्या वस्तूच्या कागदावरही बरोबरची खूण केली आणि शेवटी लिहिलं, "खोली आदर्श."

२२ ऑक्टोबरला गोदामाच्या खटल्याची तारीख होती. भाऊसाहेब कुलूप, किल्ली आणि करवत ट्रेमध्ये ठेवून, रजिस्टर काखेत मारून कोर्टात गेले आणि कडेच्या स्टुलावर बसले. तुरुंगातून आणलेला प्लंबर पिंजऱ्यात उभा होता. मागच्या बाकावर त्याची बायको.

गोदामाच्या मालकाची साक्ष मागच्या तारखेलाच झाली होती. तेव्हा तो छाती पुढे काढून म्हणाला होता, "कुलपाच्या दोनच किल्ल्या. दोन्ही माझ्या खिशात असायच्या. बायकोलाही हात लावू देत नव्हतो." आज बचावाच्या वकिलांनी एक साक्षीदार आणला होता. न्यायालयासमोरच्या फुटपाथवर चाळीस वर्षं बसणारा चावीवाला. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला तो खिशातलं भिंग सावरतच.

न्यायाधीश मॅडम नव्याने बदलून आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वकील साहेब, हे कशासाठी ते आधी सांगा."

"मॅडम, माझा अशील रोज पाइप कापतो. त्याचं म्हणणं एवढंच, की बंद कुलूप कापलं तर कीस बाहेर पडतो. आत जायला जागाच नसते. कुलूप उघडून बघा, आत कीस असेल तर ते उघडं असताना कापलंय. माझ्या अशिलाकडे किल्ली नव्हती."

मॅडमनी मान हलवली. चावीवाल्याने किल्ली फिरवली, तुकडा काढला, भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. मग कुलूप नाकाशी नेलं.

"काय आहे आत?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही."

"कीस?"

"कणभर नाही. एवढं स्वच्छ कुलूप नव्या डब्यातही निघत नाही साहेब. याला कुणीतरी मायेने तेल घातलंय."

सरकारी वकील गालात हसले आणि म्हणाले, "म्हणजे आरोपीची स्वतःची कसोटी आरोपीवरच उलटली. मला उलटतपासणी करायची नाही."

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेलाचा तो वास त्यांच्या ओळखीचा होता, बाटली त्यांच्याच टेबलाच्या खणात होती. काडी, कापूस, भोक. वस्तू आली तशी राहावी म्हणून जन्मभर धडपडलेल्या माणसाने वस्तू आली तशी ठेवली नव्हती. ज्या भोकात एका माणसाची सुटका दडलेली होती ते भोक त्यांनी कापसाने पुसून काढलं होतं.

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मुद्देमाल कारकुनाला कुणी काही विचारत नाही. निवृत्तीला एक वर्ष चार महिने राहिले होते. गप्प बसले असते तर तेल कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मागे पाहिलं. प्लंबरची बायको त्यांच्याकडेच बघत होती. कुलूप नीट आहे, असं तिला त्यांनीच सांगितलं होतं ना.

ते उभे राहिले.

"मॅडम, ते तेल माझं आहे."

"तुम्ही कोण?"

"मुद्देमाल कारकून. जूनमध्ये मीच पुसलं. भोकसुद्धा."

"कुणाच्या परवानगीने?"

"शिरस्ता आहे मॅडम. परवानगी घेतली नाही."

बचावाच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. पिंजऱ्यातल्या प्लंबरने भाऊसाहेबांकडे, फुटलेल्या पाइपाकडे बघावं तसं पाहिलं. रागाने नाही, आता हे कुठून जोडायचं अशा नजरेने.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वर या. शपथ घ्या. तेव्हा भोकात कीस होता का?"

"मॅडम, दोनशे सहा वस्तू पुसल्या. आठवत नाही. आठवतं असं म्हटलं तर खोटं होईल."

"मग वस्तू जमा झाली तेव्हाची नोंद आहे ना? ती वाचा."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. बोटाने ओळ शोधली. "चौदा मार्च. पितळी कुलूप एक, कडी कापलेली. किल्ली एक. करवत एक, मुठीला निळी पट्टी. शेरा..." इथे ते थांबले. चष्मा पुसला. स्वतःचंच अक्षर ते असे बघत होते जणू दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंय.

"शेरा काय?"

"शेरा. किल्ली लागते. किल्ली फिरवताच अडकलेला तुकडा सुटा झाला व भोकातून लोखंडाचा कीस पडला. तो पुडीत बांधून सोबत ठेवला. पुडी एक."

मॅडम पुढे झुकल्या. "पुडी कुठे आहे?"

ट्रेमध्ये कुलूप होतं, किल्ली होती, करवत होती. सुतळीला पुडी नव्हती.

दुपारची सुट्टी पाऊण तासाची होती. मॅडमनी सांगितलं, पुडी शोधा, आणि दोन्ही वकिलांनी दाराशी उभं राहावं, म्हणजे नंतर कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. अशी त्या खोलीपुढे आजवर न जमलेली गर्दी जमली. उंबऱ्यावर काळ्या कोटातले दोन वकील, बाकावर प्लंबरची बायको, मधे कोळिष्टकांत हात घालून उभे भाऊसाहेब आणि शिपाई.

"आठवा भाऊसाहेब," शिपाई म्हणाला. "तुम्ही कागद टाकत नाही. तुम्ही तर खाल्लेल्या गोळीचं वेष्टणही फाइलला लावता."

"कुलपाला तेल लावलं. सुतळीला पुडी होती. तेल कागदाला लागलं, डाग पडला. मग..." ते बोटं मोजत होते. "तपासणी झाली, साहेबांनी खूण केली, आणि मग मी पुडी सोडवली. तेलापासून लांब ठेवायची म्हणून. कागदी वस्तू मी कोरड्या डब्यात ठेवतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. खिडकीखाली असतो."

खिडकीखाली डबा नव्हता. पहिल्या रॅकवर नव्हता, दुसऱ्यावर नव्हता. बूट, बाटल्या, छत्री, सगळं हलवून झालं. सरकारी वकिलांना शिंका आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. प्लंबरची बायको बाकावरून उठून दाराशी आली होती.

पाचव्या रॅकला भाऊसाहेबांचा धक्का लागला. रॅक हललं नाही. ते पुढे गेले, थांबले, मागे आले आणि रॅक पुन्हा हलवून पाहिलं.

"हे रॅक डुगडुगायचं ना रे?"

"डुगडुगायचं की. वर्षभर. जुलैत मी ठीक केलं."

"काय केलंस?"

"पायाखाली तो चपटा..." शिपायाचं वाक्य तोंडातच राहिलं. दोघंही एकदम गुडघ्यावर बसले. रॅकच्या मागच्या पायाखाली, शंभर किलो मुद्देमाल डोक्यावर घेऊन, बिस्किटांचा डबा बसला होता.

"काखेत कळसा," बचावाचे वकील म्हणाले. बाकीची म्हण शिंकेत गेली. सरकारी वकिलांच्या.

रॅक उचलायला चार माणसं लागली, त्यांत दोन्ही वकील होते. डब्याचं झाकण मधोमध दबलं होतं. आत तीन पाकिटं, एक पासबुक, आणि चार घड्यांची एक पुडी, एका कोपऱ्याला तेलाचा गोल डाग. वर क्रमांक, तारीख आणि हिरव्या शाईत बरोबरची खूण.

पुडी उघड्यावर न्यायची नाही, पाकिटात घालून लाख लावूनच न्यायची, असं भाऊसाहेबांनी धरलं. कोरी पाकिटं संपली होती. शिपाई धावत समोरच्या दुकानातून पाकीट आणि लाखेची कांडी घेऊन आला. स्वतःच्या पैशाने.

दुपारी पाकीट मॅडमसमोर फुटलं. सरकारी वकील उभे राहिले. आपलं काम त्यांनी चोख केलं. "ही पुडी तुम्ही खटल्याला मदत म्हणून नंतर बांधली नाही, हे कशावरून?"

"नंतर म्हणजे कधी साहेब?"

"या महिन्यात. बचावाने कुलूप तपासायचा अर्ज दिला त्यानंतर."

भाऊसाहेबांनी पुडी आणि रजिस्टरातली ओळ शेजारी शेजारी धरली. दोन्हींवर तीच हिरवी खूण, त्याच हाताची. पानाच्या तळाशी तपासणी अधिकाऱ्यांची सही आणि जूनची तारीख. "एवढी हिरवी शाई या इमारतीत कुणी वापरत नाही," ते म्हणाले. मॅडमनी दोन्ही खुणा भिंगातून पाहिल्या आणि लिहून घेतल्या. अर्ज ऑक्टोबरचा, खूण जूनची, नोंद मार्चची. त्या वेळी या किसाला काही किंमत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बांधणाऱ्यालाही नाही.

मग चावीवाल्याला परत बोलावलं. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं.

"कुलपाची पेटी पितळेची आहे मॅडम. पितळ चुंबकाला चिकटत नाही. कडी लोखंडाची, वर चकचकीत मुलामा. आता बघा." त्याने चुंबक पुडीवर धरलं. कीस मिशीसारखा उभा राहून चिकटला. भिंगातून मुलाम्याच्या बारीक टिकल्या चमकत होत्या. "हा कडीचाच कीस. कडी बंद असली की भोक तिने गच्च भरलेलं असतं, त्यात टाचणी जात नाही, मग कीस कुठून जाईल? कुणीतरी आधी किल्लीने उघडलं. दाराला लटकतं कुलूप करवतीखाली नाचतं, हाती धरून कापायला सोपं. कापून झाल्यावर तुटका तुकडा भोकात दाबून बसवला. आत कीस राहिला हे त्याला कळलं नाही. आणि हे बघा, तुकड्याच्या बुडाला बारीक टोचे पडलेत. किसावर दाबल्याचे. तेलाने हे गेलेले नाहीत."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी मला भोकात बघायला सांगितलं होतं मॅडम."

मॅडमनी मागच्या तारखेची साक्ष काढून घेतली आणि मोठ्याने वाचली. कुलपाच्या दोनच किल्ल्या, दोन्ही माझ्या खिशात असायच्या. गोदामाचा मालक त्या दिवशी आलेला नव्हता.

चार वाजून वीस मिनिटांनी प्लंबरला जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम झाला. त्याची बायको रडली नाही. ती बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आली. मग भाऊसाहेबांना म्हणाली, "बोललं की हो कुलूप."

"पुडी बोलली ताई. कुलपाचं तोंड मी बंद केलं होतं."

"ते जाऊ दे काका. तुम्ही उठलात ना."

भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. ते खोलीत गेले आणि टेबलाशी बसले, तेव्हा आपले पाय दुखतायत हे त्यांच्या लक्षात आलं. शिपायाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. पाचवं रॅक पुन्हा डुगडुगत होतं, आणि तो आवाज दोघांनाही बरा वाटत होता.

घरी बायकोने दार उघडलं. त्यांनी पिशवी खुंटीला न लावता खुर्चीवर टाकली.

"अहो, काय झालं? बरं आहे ना?"

"सगळं बरं आहे. माझी एक चूक झाली होती आणि ती मी लिहून ठेवलेली सापडली."

"चूक लिहून ठेवली होती?"

"चूक नाही गं. चूक व्हायच्या आधीचं जे होतं ते."

तिला पूर्ण कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. बत्तीस वर्षांत हा माणूस कपडे न बदलता खुर्चीत बसून हसलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी मुलीला फोन लावला आणि सगळी हकीकत क्रमवार सांगितली. ती म्हणाली, "बाबा, आता माझ्या ट्रंकेच्या यादीवर हसणार नाही मी." पण ती हसतच होती.

चार दिवसांनी मॅडमनी लेखी समज दिली. परवानगीशिवाय कोणतीही वस्तू पुसू नये, उघडू नये, तेल लावू नये. भाऊसाहेबांनी समज वाचली, सही केली आणि ती मिळाल्याची पावती दिली. समजपत्राच्या खाली मॅडमनी हाताने एक ओळ लिहिली होती. "नोंदी अशाच ठेवाव्यात." ती ओळ त्यांनी कुणाला दाखवली नाही, पण तिची छायाप्रत मुलीला पाठवली. तेलाची बाटली घरी नेऊन बायकोच्या शिवणयंत्राशेजारी ठेवली. ओलीसाठी नवा अर्ज दिला. गंज चढला तर चढला, तोही आता आलेल्या वस्तूचाच भाग, असं ते म्हणू लागले, पण म्हणताना चेहरा जरा ओढलेला असे.

१७ नोव्हेंबरला प्लंबर निर्दोष सुटला. गोदामाच्या मालकाची वेगळी चौकशी लागली. विम्याचं काहीतरी निघालं म्हणतात. करवत ज्याची त्याला परत देण्याचा हुकूम झाला. प्लंबर ती घ्यायला आला तेव्हा भाऊसाहेबांनी पावतीवर सही घेतली, ती सही जातमुचलक्यावरच्या सहीशी ताडून पाहिली, आणि मग करवत त्याच्या हाती दिली. जाताना त्याने बाहेरचा नळ उघडून बंद केला, पिशवीतून एक वायसर काढला आणि बसवून टाकला. नळ तेव्हापासून गळत नाही. या कामाची मात्र कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही, कारण त्याला परवानगी नव्हती.

प्लंबर गेला तेवढ्यात शिपाई दारात आला. "भाऊसाहेब, त्या दिवशीचं पाकीट आणि लाख. बारा रुपये."

"दुकानाची पावती आण, लगेच देतो."

"पावती त्या धावपळीत पडली हो कुठेतरी."

"मग कशावर देऊ?"

"विश्वासावर द्या."

"विश्वासाला रकाना नाही रे."

शिपाई दुकानात जाऊन आला. दुकानदार म्हणाला, महिन्यामागची पावती आता निघत नाही. शिपायाचे बारा रुपये भाऊसाहेबांकडून यायचे आहेत.